लाकडासारखे दिसणारे ब्लाइंड्स निवडताना: रंग सर्वांत शेवटी

ब्लाइंड्स घ्यायला गेलात की विक्रेता आधी रंगांचे नमुने पुढ्यात टाकतो. पांढरा, मोतिया, ओक, अक्रोड, करडा. तिथेच वेळ जातो, आणि मग माप, दोरी, ब्रॅकेट हे खरे निर्णय घाईघाईत उरकले जातात. माझं म्हणणं अगदी उलट आहे. खिडकी काय मागते ते आधी बघा, रंग शेवटी ठरवा. रंग थोडा फिका-गडद निघाला तरी डोळ्यांना त्याची सवय होते. पाच मिलिमीटर जास्त रुंद आलेला ब्लाइंड मात्र चौकटीत बसत नाही म्हणजे नाहीच. त्यात मापाने बनवलेला माल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.

हा लेख दुकानात 'फॉक्स वुड' म्हणून मिळणाऱ्या ब्लाइंड्सबद्दल आहे. यातल्या आडव्या पट्ट्या दिसतात लाकडी, पण असतात पीव्हीसीच्या किंवा लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या. पहिल्यांदाच घेत असाल तर पायऱ्या खालच्या क्रमानेच घ्या. एखादी गाळलीत तर ती पुढे आडवी येते.

हाताशी काय असावं

- धातूची मोजपट्टी (कापडी, शिवणकामाची टेप ताणली जाते, ती नको)
- पेन्सिल, आणि प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कागद
- स्पिरिट लेव्हल
- ड्रिल, भिंतीला किंवा चौकटीला चालतील अशी बिट्स, स्क्रूड्रायव्हर
- भिंतीत बसवायचे प्लास्टिकचे प्लग आणि योग्य लांबीचे स्क्रू
- भक्कम स्टूल किंवा घोडा, आणि वरती धरायला दुसरा माणूस
- प्रत्येक खिडकीचा फोटो, ज्यात कड्या आणि हँडल स्पष्ट दिसतील

1. आधी ठरवा, या खिडकीला हे हवेत का

नकली लाकडाचा मुख्य फायदा ओलाव्यात आहे. खरं लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि स्नानघर किंवा स्वयंपाकघरातल्या खिडकीवर काही वर्षांत पीळ धरतं. पीव्हीसीला वाफेचं काही वाटत नाही, पुसून घेतली की झालं. त्यामुळे ओल्या खोल्यांसाठी तरी मी दुसरा विचार करणार नाही.

उन्हाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. घट्ट पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि हलक्या प्रतीच्या पट्ट्या त्याआधीच स्वतःच्या वजनाने वाकायला लागतात. खोलीत एवढी उष्णता नसते, हे खरं. पण थेट दुपारचं ऊन येणारी काच, तिच्या अगदी जवळ बंद केलेल्या गडद पट्ट्या आणि मध्ये कोंडलेली हवा, असं जुळून आलं की पट्टी खोलीपेक्षा खूपच जास्त तापते. अशा खिडकीला फिका रंग, जाड पट्टी आणि काचेपासून थोडं अंतर द्या. शेगडीच्या वर किंवा हीटरला लागून असलेल्या खिडकीवर हे लावूच नका.

खोली पूर्ण काळोखी हवी असेल तरीही हे ब्लाइंड्स निराश करतील. बंद केल्यावरही पट्ट्यांच्या भोकांतून आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून उजेडाच्या रेघा येतातच. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीला जाड पडदा किंवा रोलर ब्लाइंडच बरा, नाहीतर दोन्ही मिळून लावा.

2. चौकटीच्या आत की बाहेर

आत लावला की ब्लाइंड खिडकीच्या खोबणीत बसतो, भिंत मोकळी राहते, आणि एकूण दिसायला नीटस वाटतं. बाहेर लावला की तो भिंतीवर किंवा चौकटीच्या पुढच्या तोंडावर बसतो आणि आजूबाजूचा थोडा भागही झाकतो. बहुतेकांना आतला हवा असतो. तो जमेल की नाही ते पुढच्या तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली, खोली. म्हणजे चौकटीच्या पुढच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर. 50 मिमी रुंदीची पट्टी पूर्णपणे आत सामावायला साधारण 70 ते 75 मिमी खोली लागते. त्याहून कमी असली तरी ब्रॅकेट बसू शकतं, फक्त ब्लाइंड थोडा पुढे डोकावतो. ब्रॅकेटला किमान किती जागा लागते हे उत्पादकाच्या पत्रकात दिलेलं असतं. ते न बघता आत लावायचं ठरवू नका.

दुसरी, कड्या आणि हँडल. हँडल काचेच्या पातळीपासून किती पुढे येतं ते मोजा. खोली मोजायची ती त्या हँडलच्या टोकापासून पुढे, काचेपासून नाही. या एका तपशिलाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. पट्ट्या फिरताना हँडलला अडकतात, आणि मग त्या जागी एक पट्टी कायमची वाकडी दिसते. आत उघडणारी खिडकी असेल तर ती उघडताना ब्लाइंड पूर्ण वर घ्यावा लागेल, हेही लक्षात घ्या.

तिसरी, काटकोन. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर आत लावलेला ब्लाइंड सरळ असूनही तिरका दिसेल, कारण शेजारची चौकटच तिरकी आहे. अशा वेळी सरळ बाहेर लावा. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं.

3. माप: घाई न करण्याची जागा

एकाच पद्धतीने, एकाच माणसाने, एकाच मोजपट्टीने सगळं मोजावं. मिलिमीटरमध्ये मोजा. इंचाच्या अपूर्णांकात हमखास गोंधळ होतो, आणि दोघांनी दोन एककं वापरली तर विचारायलाच नको.

आत लावायचा असेल तर रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. समजा 1204, 1201 आणि 1198 आली. धरायची ती सर्वांत लहान, म्हणजे 1198. ब्लाइंड वरून खालपर्यंत एकाच रुंदीचा असतो. तो सर्वांत अरुंद जागेतून गेला नाही तर तिथेच घासत राहील.

आता मोठा सापळा. विक्रेता दोन प्रकारे माप मागतो. एक, खिडकीच्या पोकळीचं माप. यात बनवणारा स्वतःच सहा ते बारा मिलिमीटर कमी करून ब्लाइंड बनवतो, म्हणजे तो सहज फिरेल. दुसरं, ब्लाइंडचं नेमकं माप. यात तुम्ही सांगाल तेवढाच येतो. पोकळीचं माप मागितलं असताना तुम्ही आधीच थोडं कमी करून दिलंत, तर वजाबाकी दोनदा होते आणि दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. उलट झालं तर ब्लाइंड आतच जात नाही. फॉर्मवर यांपैकी कोणतं माप आहे ते स्पष्ट लिहून घ्या. तोंडी 'हो, हो' वर विसंबू नका.

उंचीही तीन ठिकाणी घ्या: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्ही कागदावर लिहा. यातली लहान घ्यायची की मोठी, याबाबत वेगवेगळ्या उत्पादकांची पद्धत वेगळी असते, तेव्हा ज्याच्याकडून घेताय त्याचीच पद्धत पाळा. दोन पर्याय समोर असतील तर मी थोडा लांबच मागवीन. जास्तीच्या पट्ट्या खालून काढता येतात, कमी पडलेल्या जोडणं मात्र घरी जमण्यासारखं नाही.

बाहेर लावायचा असेल तर गणित सोपं आहे. पोकळीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना पन्नास ते पंचाहत्तर मिलिमीटर वाढवा, वरच्या बाजूला पेटी (जिच्यातून पट्ट्या लोंबतात तो वरचा आडवा भाग) आणि ब्रॅकेट यांसाठी तेवढीच जागा धरा. खाली कट्टा पुढे आलेला असेल तर ब्लाइंड त्यावर टेकतो की त्याच्या पुढून खाली जातो, ते ठरवा. बाजूला भिंत, कपाट किंवा विजेचं बटण आड येत नाही ना, तेही त्याच वेळी बघा. बाहेरच्या मापात बनवणारा काहीच वजा करत नाही, सांगाल तेच येतं.

एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. पहिल्या दिवसाचा कागद समोर न ठेवता. दोन्ही आकडे जुळले तरच ऑर्डर.

4. वर घेतल्यावर जमणारी थप्पी, आणि वजन

कॅटलॉगमध्ये ब्लाइंड नेहमी खाली सोडलेला दाखवतात. वर घेतल्यावर तो कुठे जातो? सगळ्या पट्ट्या एकावर एक बसून वरती थप्पी होते, आणि ती काचेचा वरचा भाग कायमचा झाकते.

हे कागदावर करून बघा. दीड मीटर उंच ब्लाइंड, 50 मिमी पट्ट्या. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढायला हव्यात म्हणून दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण 44 मिमी असतं. म्हणजे 34 पट्ट्या. प्रत्येकीची जाडी 3 मिमी धरली तर नुसत्या पट्ट्यांचेच 102 मिमी. त्यात वरची पेटी, खालची जाड पट्टी आणि मध्ये दुमडलेल्या दोऱ्या. एकूण 18 ते 20 सेंटिमीटर. खिडकी बुटकी असेल आणि तुम्हाला ब्लाइंड दिवसभर वर ठेवायची सवय असेल, तर हा जवळपास वीतभर उजेड तुम्ही गमावलात. वर भिंतीत जागा असेल तर बाहेर, खिडकीच्या बराच वर लावा, म्हणजे थप्पी काचेवर न येता भिंतीवर राहील.

त्याच ब्लाइंडचं वजन काढू. दीड मीटर लांब, पाच सेंमी रुंद, तीन मिमी जाड पट्टी म्हणजे 225 घन सेंटिमीटर. हलक्या, फुगवलेल्या पीव्हीसीची असेल तर तिचं वजन साधारण दीडशे ग्रॅम, घट्ट पीव्हीसीची असेल तर तीनशेहून जास्त. लाकडी ब्लाइंड्समध्ये नेहमी वापरलं जाणारं बासवुड हे हलकं लाकूड असेल तर शंभरच्याही आत. गुणिले 34. म्हणजे लाकडी ब्लाइंडच्या पट्ट्या तीन-साडेतीन किलोच्या, आणि नकली लाकडाच्या पाच ते साडेदहा किलोच्या. शिवाय पेटीचं वजन वेगळं.

हा फरक रोज हाताला जाणवतो. म्हणून रुंद खिडकीला एकच मोठा ब्लाइंड घेऊ नका. बऱ्याच उत्पादकांची मर्यादा 1.8 ते 2.4 मीटरच्या दरम्यान असते, पण मर्यादेत बसतं म्हणून सोयीचं असतंच असं नाही. घरात वयस्कर माणसं असतील, किंवा ब्लाइंड रोज वर-खाली होणार असेल, तर दीड मीटरच्या पुढे दोन भाग करा. मधली फट खिडकीच्या उभ्या दांड्यासमोर येईल असं माप विभागा, मग ती दिसत नाही. दोन्हींवर एकच झालर (पेटी झाकणारी पुढची पट्टी) मिळाली तर आणखी चांगलं.

काही जण ब्लाइंड वर घेतच नाहीत, फक्त पट्ट्या तिरप्या करतात. तुम्ही तसे असाल तर वजनाची एवढी फिकीर नको.

5. पट्टी हातात घेऊन बघा

नमुना नेहमी मागा, आणि तो वरून नाही, कापलेल्या कडेवरून बघा. कडेला बारीक बुडबुड्यांचा स्पंजसारखा थर दिसला तर ते फुगवलेलं पीव्हीसी. एकसंध गुळगुळीत असेल तर घट्ट. तपकिरी, किंचित खरबरीत, बारीक कणांची दिसली तर भुसा मिसळलेलं मिश्रण. उन्हात आकार टिकवण्यात चांगलं मिश्रण किंवा घट्ट पीव्हीसी साधारणपणे पुढे असतं, वजनात फुगवलेलं. स्वयंपाकघराच्या लहान खिडकीला फुगवलेलं पुरेसं आहे, मोठ्या उन्हाच्या खिडकीला मी घेणार नाही.

मग रंग आत मुरलेला आहे की वर छापील पापुद्रा चिकटवलाय ते बघा. कोपऱ्यावर नखाने हलकंसं घासा. पापुद्रा असेल तर कडेला त्याची सांध दिसते, आणि स्वस्त मालात पुढे तिथूनच तो सुटायला लागतो. छापील लाकडी नक्षीत तेच तेच डोळे, तीच तीच रेषा शेजारशेजारच्या पट्ट्यांवर पुन्हा येते का, हेही बघा. एका पट्टीवर ती सुंदर दिसते, तीस पट्ट्यांवर तोच डाग एका खाली एक आला की नकलीपणा लगेच कळतो. अशा वेळी साधा एकरंगी घेतलेला बरा.

नमुना बोटभर लांबीचा असतो, त्यावरून पट्टी वाकेल की नाही ते कळत नाही. त्यासाठी दुकानात टांगलेला रुंद ब्लाइंड शोधा आणि बाजूला उभं राहून, डोळा पट्टीच्या पातळीला आणून, लांबीच्या दिशेने बघा. पट्ट्यांना तोलून धरणाऱ्या दोरीच्या शिड्या असतात. दोन शिड्यांच्या मध्ये पट्टीला पोट आलेलं दिसलं तर माल सोडून द्या. दुकानातल्या सावलीत ही अवस्था, तर उन्हात काय होईल? मागवताना शिड्यांमधलं अंतर विचारा. ते दीड फुटाच्या आसपास किंवा कमी असावं.

मुलांच्या दृष्टीने एक प्रश्न नक्की विचारा: मालात शिसं नाही ना? अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 1996 मध्ये आयात केलेल्या विनाइल मिनी-ब्लाइंड्सबद्दल इशारा दिला होता. प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात शिसं घातलेलं असे, आणि ऊन-उष्णतेने प्लास्टिक झिजलं की त्याची धूळ पट्ट्यांवर येई. ते ब्लाइंड्स वेगळ्या प्रकारचे होते, पण मूळ पदार्थ तोच. 'शिसेविरहित' असं लेखी मिळत असेल तरच घ्या. घरात आधीपासून लागलेले, कधीचे आहेत ते माहीत नसलेले जुने ब्लाइंड्स असतील आणि लहान मूल असेल, तर ते सरळ काढून टाका.

6. दोरी: इथे तडजोड नको

ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीत लहान मुलांची मान अडकून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि हे अगदी आवाज न होता घडतं. म्हणूनच अमेरिकेच्या मानकानुसार तयार मापात विकल्या जाणाऱ्या ब्लाइंड्सना 2018 च्या डिसेंबरपासून मोकळी दोरी चालत नाही, आणि 2024 च्या जूनपासून मापाने बनवलेल्यांवरही कडक अटी आल्या. युरोपात ईएन 13120 हे मानक 2014 मध्ये याच कारणाने कडक झालं.

घरात मूल असेल, येत-जात असेल किंवा मांजर असेल, तर बिनदोरीचाच घ्या. यात खालची पट्टी हाताने धरून वर-खाली करायची, आणि पट्ट्या फिरवायला एक कांडी. दोन गोष्टी लक्षात ठेवा. खिडकी ओट्याच्या पलीकडे किंवा फार उंच असेल तर खालच्या पट्टीपर्यंत हात पोचत नाही. आणि पट्टी मध्यभागी धरूनच उचलायची, एका टोकाला ओढत राहिलं की ब्लाइंड कायमचा तिरका बसायला लागतो.

दोरीचा घेणं भाग असेल तर दोरी गुंडाळायचा खुंटा जमिनीपासून किमान दीड मीटर उंचीवर लावा आणि ती प्रत्येक वेळी गुंडाळा. खिडकीखाली पलंग, पाळणा, खुर्ची ठेवू नका. पट्ट्यांच्या आतून जाणारी उभी दोरीसुद्धा मुलं ओढून बाहेर काढतात, तिचा फास होऊ शकतो.

कांडी डावीकडे हवी की उजवीकडे, हेही आताच ठरवा. कपाटामागे गेलेली कांडी रोज चिडवते.

7. पट्टीची रुंदी आणि भोकं

50 मिमी ही सर्वमान्य रुंदी. 25 किंवा 35 मिमी लहान, अरुंद खिडक्यांना शोभते, पण पट्ट्या जास्त, म्हणजे पुसायचं काम जास्त. 63 मिमी मोठ्या खिडकीला छान दिसते, उघडल्यावर बाहेरचं जास्त दिसतं आणि थप्पीही थोडी कमी होते. तिला चौकटीत खोली मात्र जास्त लागते.

प्रत्येक पट्टीला दोरी जायला भोक असतं. रात्री आत दिवा असला की बाहेरून त्या भोकांच्या रांगा चमकतात. काही ब्लाइंड्समध्ये भोकं नसतात, दोरी पट्टीच्या पुढून-मागून जाते. उजेड कमी गळतो, आणि एखादी पट्टी काढून धुणंही सोपं. शयनगृहासाठी थोडे जास्त पैसे घालावेत असं हे एकच वैशिष्ट्य मला वाटतं. दुसरा मार्ग म्हणजे भोकांवरून जाणारी रुंद कापडी फीत. ती दिसायला भारदस्त असते. स्वयंपाकघरात नको, तेलकट धूर पिऊन ती महिनोन्महिने तशीच राहते.

8. आता रंग

दोन-तीन नमुने घरी आणून त्याच खिडकीत, काचेसमोर उभे धरून बघा. टेबलावर ठेवून बघू नका. ब्लाइंड मागून उजेड घेतो, त्यामुळे खोलीच्या बाजूने तो नेहमी नमुन्याहून गडद दिसतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून, असं तिन्ही वेळा बघा.

पांढऱ्याचे प्रकार फसवे असतात. चौकट शुभ्र आणि ब्लाइंड मोतिया असेल तर ब्लाइंड जुना, पिवळट वाटतो. चौकटीशी जुळवायचं असेल तर अगदी नेमकं जुळवा, नाहीतर उघड वेगळा रंग घ्या. खऱ्या लाकडी दरवाजा-फर्निचरशी नकली लाकडाचा रंग जुळवायच्या भरीस पडू नका. शेजारी शेजारी आले की नकली कोणतं ते लगेच कळतं. पांढरं पीव्हीसी उन्हाने पिवळं पडू शकतं, म्हणून रंगाची हमी किती वर्षांची आणि ती थेट उन्हाला लागू आहे का, ते वाचा.

एका खोलीतल्या सगळ्या खिडक्यांचे ब्लाइंड्स एकाच वेळी मागवा. वेगळ्या खेपेतल्या मालात छटा बदलते.

9. ऑर्डरच्या कागदावर काय हवं

प्रत्येक खिडकीला नाव द्या, 'शयनगृह डावी' असं, आणि पुढचं सगळं लेखी घ्या:

- रुंदी आधी, मग उंची, शब्दांत लिहून ('रुंदी 1198, उंची 1355'), नुसते दोन आकडे नकोत
- आत की बाहेर, पोकळीचं माप की नेमकं माप
- पट्टीची रुंदी, जाडी, पदार्थ, रंगाचा क्रमांक
- भोकं आहेत की नाहीत, दोरी की बिनदोरी, कांडी कोणत्या बाजूला
- झालर, आणि बाहेर लावत असाल तर झालरीचे बाजूचे तुकडे
- रुंद ब्लाइंडसाठी मधलं ब्रॅकेट. दारावर लावायचा असेल तर खाली अडकवायचे हुक
- हमीपत्र, आणि चूक त्यांची असेल तर बदलून मिळेल हे वाक्य

मोजायला विक्रेत्याचा माणूस आला तर मापाची जबाबदारी त्यांची, हे त्याच कागदावर घ्या. मी तर स्वतः मोजलेलं असलं तरी त्यांना मोजायला लावीन.

10. बसवणं

माल आला की आधी खोका उघडून रुंदी मोजा, मगच भिंतीला भोक पाडा. ब्रॅकेट डावं-उजवं वेगळं असतं. त्याचं पुढे उघडणारं झाकण आधी उघडून-मिटून बघा. दोन्ही ब्रॅकेटांच्या जागा पेन्सिलीने खुणा करून स्पिरिट लेव्हलने पडताळा. चौकटीच्या वरच्या कडेवरून मोजू नका, कारण ती कड स्वतःच उतरती असू शकते.

भिंतीत प्लगशिवाय स्क्रू मारू नका, दहा किलो वजन रोज ओढलं जाणार आहे. लाकडी चौकटीला आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी चौकटीला भोक पाडताना बिटवर टेप लावून खोली ठरवा, म्हणजे बिट काचेपर्यंत जाणार नाही. शंका वाटली तर चौकट सोडून भिंतीत लावा.

पेटी सरकवा, झाकणं मिटवा, 'टक' आवाज यायला हवा. मग झालर. लांबी जास्त असेल तर घाई न करता दोन-तीन दिवस वापरून बघा, मग पट्ट्या कमी करा: खालच्या पट्टीच्या तळाची बुचं काढा, गाठी सोडा, नको असलेल्या पट्ट्या ओढून काढा, खालची पट्टी वर आणून पुन्हा गाठ मारा. शिडीची दोरी सर्वांत शेवटी कापा. बिनदोरीच्या काही प्रकारांत पट्ट्या काढल्या की स्प्रिंगचा तोल बिघडतो, आधी पत्रक वाचा.

11. वापर आणि साफसफाई

पट्ट्या दोन्ही दिशांना मिटतात, आणि दोन्हींचा परिणाम वेगळा. खोलीकडची कड वर ठेवून अर्धवट मिटवल्या तर वरून येणारं ऊन अडतं, उजेड छताकडे उसळतो, फर्निचर विटत नाही. समोरच्या उंच इमारतीतून खाली डोकावणाऱ्याला आतलं दिसत नाही. खोलीकडची कड खाली ठेवली तर ऊन जमिनीवर येतं, तुम्हाला आकाश दिसतं, पण रस्त्यावरून वर बघणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. तळमजल्याला बहुधा पहिली रीत उपयोगी, वरच्या मजल्याला दुसरी. वर घेण्यापूर्वी पट्ट्या आडव्या करा, मिटलेल्या अवस्थेत ओढल्या तर दोऱ्या घासतात.

साफसफाई सोपी आहे. पट्ट्या मिटवा, मऊ कोरड्या फडक्याने पुसा, उलट बाजूला मिटवा, पुन्हा पुसा. चिकट झाल्या तर कोमट पाण्यात सौम्य साबण. थिनर, ॲसिटोन, खरखरीत घासणी नको, छापील पापुद्रा आणि चकाकी दोन्ही जातात. वरची पेटी लोखंडी असते, तिच्यात पाणी जाऊ देऊ नका, आणि सगळा ब्लाइंड उचलून टबात बुडवू नका.

लांबी कमी करताना निघालेल्या पट्ट्या मात्र जपून ठेवा, सपाट, आडव्या, उन्हाबाहेर. एखादी पट्टी तुटली किंवा मुलाने त्यावर मार्करने रेघ मारली की नेमकी त्याच छटेची बदली पट्टी मिळणं अवघड असतं.